जुन्या डिस्कची परीक्षा

लॅपटॉप हळू चालतो म्हणून दुकानात नेला की हल्ली पहिला सल्ला एसएसडी बसवण्याचा मिळतो, आणि तो बहुतेक वेळा योग्यच असतो. मशीन झटपट सुरू व्हायला लागतं आणि आतून निघालेली पाचशे जीबीची किंवा एक टीबीची जुनी हार्ड डिस्क पिशवीत घालून मालकाच्या हातात येते. पुढचं सगळं ठरलेलं. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन एक यूएसबी केसिंग घ्यायचं, डिस्क त्यात सरकवायची, विंडोजमध्ये उजवी क्लिक करून ‘क्विक फॉरमॅट’ मारायचा आणि मोबाइलमधले फोटो, मुलांच्या वाढदिवसांचे व्हिडिओ, घराचे कागद तिच्यात भरायला लागायचं. सगळं मिळून पंधरा मिनिटांचं काम. या पंधरा मिनिटांत एक गोष्ट मात्र राहून जाते. जिच्यावर आता घराचा ठेवा ठेवायचा आहे ती डिस्क तो सांभाळायला लायक आहे का, हे कुणी पाहिलेलंच नसतं. जुनी डिस्क साठवणीला लावण्याआधी ती पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत पूर्ण पुसावी आणि पुसल्यावर पूर्ण वाचून घ्यावी, असा माझा आग्रह आहे. पुसण्याकडे लोक गुप्ततेचा उपाय म्हणून बघतात. ते कारण खरंच आहे, पण माझ्या लेखी दुय्यम. पूर्ण पुसणं ही त्या डिस्कची परीक्षा असते, आणि घरबसल्या, पैसे न मोडता घेता येईल अशी इतकी कडक परीक्षा दुसरी नाही.

क्विक फॉरमॅटमध्ये नेमकं काय होतं ते आधी पाहू. कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे, किती मोठी आहे, याची नोंद फाइल सिस्टीम वेगळी ठेवते. क्विक फॉरमॅट ही नोंद नव्याने कोरी मांडतो. बाकी डिस्कला हात लावत नाही. सातबाऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून शेतातलं उभं पीक नाहीसं होत नाही, तसा जुना डेटा जागच्या जागी राहतो, आणि रिकव्हरीची साधी फुकट सॉफ्टवेअरसुद्धा तो परत काढून देतात. पण माझ्या मुद्द्याला याहून महत्त्वाचं काही आहे. चार केबीचा एक सेक्टर धरला तर एक टीबीच्या डिस्कवर साधारण २४ कोटी सेक्टर होतात. क्विक फॉरमॅट त्यांतल्या अगदी मोजक्या सेक्टरांवर काही लिहितो. उरलेल्यांची अवस्था काय आहे हे त्याला कळत नाही आणि तुम्हालाही कळत नाही. ‘क्विक’समोरची टिक काढली की चित्र बदलतं. इथे जुन्या जाणत्या मंडळींचा एक समज आड येतो: फुल फॉरमॅटनेही डेटा जात नाही, तो नुसता वेळ खातो. विंडोज एक्सपीपर्यंत हे खरं होतं. तिथला फुल फॉरमॅट सगळी डिस्क वाचून बॅड सेक्टर शोधायचा, जुन्या डेटावर काही लिहायचा नाही. व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने ही पद्धत बदलली आणि फुल फॉरमॅट सगळ्या पार्टिशनवर शून्यं लिहू लागला. समज जुन्या विंडोजचा, वापर नव्या विंडोजचा, असा घोळ अजून चालू आहे.

आता परीक्षेकडे येऊ. फिरत्या डिस्कवरचा सेक्टर सहसा एका झटक्यात मरत नाही, तो क्षीण होत जातो. प्रत्येक सेक्टरसोबत चूक दुरुस्त करणारा जादा मजकूर लिहिलेला असतो, त्यामुळे चुंबकीय खूण थोडी पुसट झाली तरी डिस्क आतल्या आत दुरुस्ती करून बरोबर मजकूर हाती देते. खूण आणखी पुसट झाली की डिस्क तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचून पाहते. त्यात कधी कधी कित्येक सेकंद जातात आणि वापरणाऱ्याला वाटतं की कॉम्प्युटर अडकला. इतकं करूनही वाचता आलं नाही, तर डिस्क त्या सेक्टरची नोंद ‘पेंडिंग’ म्हणून करते. त्याच्या जागी राखीव साठ्यातला चांगला सेक्टर ती लगेच देत नाही, कारण न वाचता आलेल्या जागेत मालकाचा डेटा आहे आणि जागा बदलली तर तो मिळण्याची उरलीसुरली आशाही संपेल. म्हणून ती थांबते. त्या जागेवर कुणी नवीन काही लिहायला सांगितलं की मगच निर्णय होतो. डिस्क तिथे लिहून पाहते आणि लिहिलेलं परत वाचते. नीट वाचता आलं तर सेक्टर पेंडिंग यादीतून सुटतो. नाही आलं तर तो कायमचा बाद होतो, राखीव सेक्टर त्याची जागा घेतो आणि बदललेल्या सेक्टरांचा आकडा एकाने वाढतो. थोडक्यात, लिहिल्याशिवाय निकाल लागत नाही. आणि पेंडिंग यादीत नाव यायलासुद्धा कुणी तरी तो सेक्टर वाचायला जावं लागतं. सात-आठ वर्षं चाललेल्या लॅपटॉपमध्ये डिस्कचा बराच भाग असा असतो, की तिथे एकदा काही लिहिलं गेलं आणि पुढे कुणी तिकडे फिरकलंच नाही. तिथला दोष कुठल्याही नोंदीत आलेला असेलच असं धरून चालता येत नाही. पूर्ण पुसताना मात्र डिस्कला प्रत्येक जागी जाऊन लिहावंच लागतं, आणि त्यानंतरच्या पूर्ण वाचनात जे लिहिलं ते धरून ठेवलं का, याचा जबाब द्यावा लागतो.

वाचनाची ही दुसरी फेरी गाळू नये. नेहमीच्या, पेंडिंग नसलेल्या सेक्टरवर लिहिताना डिस्क लिहिलेलं परत तपासत नाही. लिहून पुढे जाते. त्यामुळे पुसणं सुरळीत पार पडलं एवढ्यावर परीक्षा संपत नाही. लिनक्स जाणणारे ‘बॅडब्लॉक्स’ लेखनाच्या पर्यायासह चालवतात. तो चार वेगवेगळे नमुने लिहितो आणि दर वेळी सगळं परत वाचून ताडतो. विंडोजवाल्यांनी ‘डिस्कपार्ट’मधल्या ‘क्लीन ऑल’ने डिस्क शून्यांनी भरावी आणि मग डिस्कची स्वतःची लांब चाचणी, म्हणजे एक्स्टेंडेड सेल्फ-टेस्ट, लावावी. नुसतं ‘क्लीन’ आणि ‘क्लीन ऑल’ यांत फार फरक आहे. पहिल्याने फक्त पार्टिशनची नोंद जाते, दुसऱ्याने प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहिलं जातं.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते बघण्यासारखं आहे. पुसण्याआधी ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ उघडून त्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. खालच्या तक्त्यातल्या चारच ओळी कामाच्या: ०५ म्हणजे बदललेले सेक्टर, सी-५ म्हणजे पेंडिंग, सी-६ म्हणजे दुरुस्त न झालेले, आणि सी-७ म्हणजे डिस्क आणि कॉम्प्युटर यांच्यातल्या देवाणघेवाणीतल्या चुका. यातली सी-७ वाढत असेल तर आधी केबल बदलून बघावी, तिथे डिस्कचा दोष क्वचितच असतो. उजवीकडचे आकडे मुळात सोळाच्या पायावरच्या (हेक्साडेसिमल) पद्धतीत लिहिलेले असतात. तिथे १८ दिसलं तर ते अठरा नसून चोवीस. मग पुसायला घेतलं की वेगाकडे लक्ष ठेवायचं. लॅपटॉपची जुनी डिस्क सुरुवातीला सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास लिहिते आणि शेवटाकडे येईपर्यंत हा वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. यात घाबरण्यासारखं काही नाही. चकतीच्या बाहेरच्या कडेला एका फेरीत जास्त सेक्टर मावतात, आत कमी, आणि लेखन बाहेरून आत जातं. वेगाची ही उतरण संथ, सरळ असायला हवी. मधेच वेग शंभरावरून दोन-तीनवर कोसळला, मिनिटभर तिथेच रुतून बसला आणि मग पुन्हा वर आला, तर त्या पट्ट्यात डिस्क झगडते आहे असं समजावं. सोबत ‘टक… टक’ असा ठरावीक अंतराने आवाज आला तर हेडला जागा सापडत नाही आहे. मात्र डिस्क केसिंगमधून यूएसबीवर चालत असेल तर आधी मागच्या पोर्टला लावून बघावं, कारण वीज कमी पडली तरी असाच आवाज येतो.

पुसणं आणि वाचणं झालं की फोटोतले आकडे आणि आताचे आकडे शेजारी ठेवायचे. सगळं होतं तसंच असेल आणि लांब चाचणी पार पडली असेल, तर डिस्क पास. सी-५ आधी चोवीस होता, आता शून्य झाला आणि ०५ हलला नाही, तर ते सेक्टर मुळात खराब नव्हतेच; बहुधा कधी तरी लिहिता लिहिता वीज गेली आणि अर्धवट राहिलेलं वाचता येईना. अशी डिस्क आणखी एका फेरीतून काढावी, आणि तीही निर्वेध पार पडली तर दुय्यम कामाला घ्यायला माझी हरकत नाही. सी-५ गेला पण ०५ चोवीसने वाढला, तर पृष्ठभाग खरोखर झिजतो आहे. दुसऱ्या फेरीत आकडा आणखी चढला की माझ्या दृष्टीने निकाल लागला. राखीव साठा अजून भरपूर आहे, मग काय बिघडलं, असं म्हणणारे भेटतात. बिघडतं ते चढत्या आकड्यामुळे. साठा किती उरला याला फारसं महत्त्व नाही, तो किती वेगाने संपतो आहे याला आहे.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: क्रिस्टलडिस्कइन्फो निळ्या रंगात ‘गुड’ दाखवतो आहे, मग रात्रभर ही उठाठेव कशाला? याचं उत्तर २००७ सालीच मिळालेलं आहे. गूगलच्या अभियंत्यांनी आपल्याकडच्या एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास त्या वर्षी प्रसिद्ध केला. पृष्ठभाग तपासताना जिच्यात पहिली चूक सापडली ती डिस्क पुढच्या साठ दिवसांत बंद पडण्याची शक्यता, अशी चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली. पहिला सेक्टर बदलला गेल्यावर ती १४ पट होती. म्हणजे या खुणा दिसल्या तर त्या फार बोलक्या असतात. पण त्याच अभ्यासात हेही दिसलं, की बंद पडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांच्या नोंदीत अशा चार मुख्य खुणांपैकी एकही नव्हती. निळ्या ‘गुड’चा अर्थ एवढाच, की आजवर काही नोंदलं गेलेलं नाही. त्याच वर्षी नेटअ‍ॅप आणि विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी १५.३ लाख डिस्कांची ३२ महिन्यांची नोंद तपासली. त्यांतल्या ३.४५ टक्के डिस्कांत सुप्त दोष आढळले, म्हणजे वाचायला जाईपर्यंत न कळणारे. त्यांतले निम्म्याहून जास्त दोष सापडले ते मुद्दाम सगळी डिस्क वाचून काढण्याच्या नेमामुळे. मोठमोठ्या डेटा सेंटरांत हे वाचन ठरलेल्या वेळापत्रकाने चालतं. घरच्या डिस्कच्या नशिबी ते कधीच येत नाही. साठवणीला लावण्यापूर्वीची ही एक वेळ तरी तिला मिळावी, एवढंच माझं मागणं आहे.

दुसरा आक्षेप वेळेचा. हिशेब असा: सरासरी ८० एमबी सेकंदाला धरले तर एक टीबी लिहायला साडेतीन तासांच्या आत-बाहेर लागतात, वाचायला तेवढेच. जुन्या यूएसबी २.० पोर्टवर वेग तीसच्या आसपास अडकतो आणि नुसतं लिहायलाच नऊ तासांच्या वर जातात. म्हणून निळ्या (यूएसबी ३) पोर्टला लावावं आणि रात्री सोडून द्यावं. माणसाचा वेळ यात दहा मिनिटांहून जास्त जात नाही. लॅपटॉपची ‘स्लीप’ बंद करायला मात्र विसरू नये. वीज गेली तरी लॅपटॉप आणि त्याला लावलेली अडीच इंची डिस्क बॅटरीवर काही काळ चालत राहतात. साडेतीन इंची डिस्कला वेगळा अ‍ॅडाप्टर लागतो, तो यूपीएसवर ठेवावा. पुसणं मधेच तुटलं तरी नुकसान काही नाही, पुन्हा सुरू करायचं. यालाच जोडून असंही विचारलं जातं, की आधीच जुनी डिस्क, तिला एवढं राबवल्याने ती आणखी झिजणार नाही का? फिरत्या डिस्कला लेखनाची मोजून दिलेली मर्यादा एसएसडीसारखी नसते. घरगुती डिस्कांवर वर्षाला ५५ टीबी कामाचा भार गृहीत धरणारे उत्पादक आहेत. त्यापुढे एकदा लिहिणं-वाचणं म्हणजे दोन टीबी. एवढ्यानेच जी डिस्क बसेल ती पुढच्या महिन्यात, तुमचे फोटो पोटात घेऊन, बसली असती. परीक्षेत बसली तर तिच्यासोबत काहीच जात नाही.

तिसरा आक्षेप अगदी उलट बाजूने येतो: एकदा पुसून काय होणार, पस्तीस वेळा पुसावं लागतं. हा आकडा पीटर गटमन यांच्या १९९६ सालच्या शोधनिबंधातला. त्या काळच्या निरनिराळ्या डिस्कांवर मजकूर लिहिण्याच्या निरनिराळ्या पद्धती होत्या, आणि त्या सगळ्यांना पुरून उरावेत असे पस्तीस नमुने त्यांनी सुचवले. एकाच डिस्कवर सगळे पस्तीस चालवण्यात अर्थ नाही, हे पुढे खुद्द गटमन यांनीच लिहिलं. २००८ साली हैदराबादला झालेल्या माहिती-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत याच वादावर निबंध वाचला गेला. वापरलेल्या डिस्कवर एकदा पुसलेला मजकूर चुंबकीय बल सूक्ष्मदर्शकाने शोधला तरी एकेक बिट बरोबर ओळखण्याची शक्यता नाणेफेकीपेक्षा किंचितच बरी निघते, असं त्यात दाखवलं आहे. एका बिटाची ही कथा, तर आख्ख्या पानाची बातच नको. अमेरिकेच्या ‘निस्ट’ संस्थेची मार्गदर्शिका, २०१४ सालच्या आवृत्तीतही, साध्या वापरासाठी शून्यांची एक फेरी पुरेशी मानते. पस्तीस फेऱ्यांच्या आग्रहाचं खरं नुकसान वेगळंच आहे. एक टीबीची डिस्क पस्तीस वेळा पुसायची म्हणजे पाच दिवस. हे ऐकूनच माणूस एक फेरीही करत नाही आणि क्विक फॉरमॅट मारून मोकळा होतो.

न पुसता दिलेल्या डिस्कांचं काय होतं, याचा पुरावाही जुना आहे. एमआयटीतल्या सिम्सन गारफिंकल आणि अभी शेलट यांनी वापरलेल्या १५८ डिस्क बाजारातून विकत घेतल्या आणि २००३ साली निष्कर्ष छापले. वाचता आलेल्या १२९ डिस्कांपैकी नीट पुसलेल्या होत्या फक्त बारा. बाकीच्यांत क्रेडिट कार्डांचे पाच हजारांहून अधिक क्रमांक सापडले, आणि एक डिस्क तर एटीएम यंत्रातली होती. साठवणीसाठी घरातच राहणाऱ्या डिस्कला याचा काय संबंध, असं वाटेल. संबंध असा, की बाहेरची डिस्क हातोहात फिरते. आज फोटोंसाठी ठेवलेली डिस्क उद्या भाचा सिनेमे भरून घ्यायला नेतो, परवा ती ऑफिसात जाते, आणि जुन्या बँक-स्टेटमेंटांचे अवशेष तिच्यासोबत फिरत राहतात. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आधीच बाद होऊन बदललेल्या सेक्टरांपर्यंत शून्यं पोचत नाहीत; त्यांत जुन्या मजकुराचे तुकडे राहू शकतात. घरगुती वापरात ही जोखीम नगण्य आहे. रुग्णांची माहिती किंवा ग्राहकांची खाती ज्या डिस्कवर होती, तिचा पुनर्वापर करण्याच्या भानगडीत मात्र पडू नये, ती नष्ट करावी. एसएसडीचा मामलाही वेगळा. तिच्यात कुठला मजकूर कुठल्या पेशीत जाईल हे आतला कंट्रोलर ठरवतो, त्यामुळे वरून शून्यं लिहिली तरी जुनं सगळं झाकलं जाईलच असं नाही. तिला उत्पादकाच्या साधनातून ‘सिक्युअर इरेज’ द्यावं. वर मांडलेली परीक्षा फिरत्या डिस्कचीच आहे.

पुसणं हे परत न फिरवता येणारं काम आहे, आणि त्याची भीती वाटते म्हणून लोक अर्ध्यावर थांबतात. भीती रास्त आहे. ती घालवण्याचा उपाय म्हणजे आधी नीट काढून घेणं. ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘डेस्कटॉप’ कॉपी केलं की झालं, असं समजणाऱ्याचा हमखास काही तरी ऐवज जातो: टॅलीचं डेटा फोल्डर, आउटलुकची पीएसटी फाइल, ब्राउझरमधले सेव्ह केलेले पासवर्ड. मराठी मजकुराशी संबंध असलेल्यांनी आणखी एका गोष्टीला जपावं. युनिकोड रुळण्याआधीची पुस्तकं, दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल पेजमेकरमध्ये श्री-लिपी किंवा आयएसएमच्या फाँटांत बसवलेले असायचे. त्या फाइलींत मुळात देवनागरी अक्षरं नसतात. असतात ते आकडे, आणि ते विशिष्ट फाँट लावल्यावरच अक्षर म्हणून दिसतात. फाइली कॉपी केल्या आणि विंडोजच्या ‘फाँट्स’ फोल्डरमधले फाँट डिस्कबरोबर पुसले गेले, तर आख्खं पुस्तक उघडतं पण पडद्यावर नुसती चिन्हांची खिचडी दिसते. गावोगावच्या छापखान्यांतून आणि छोट्या प्रकाशकांकडून मराठीचा किती तरी ऐवज अजून अशाच डिस्कांवर पडून आहे. तो काढताना फाइल, फाँट आणि छापील पानासारखी एक पीडीएफ, तिन्ही सोबत ठेवावं. कॉपी झाल्यावर पाच-सहा फाइली दुसऱ्या मशीनवर उघडून बघाव्यात. आणि डिस्कपार्टमध्ये डिस्क निवडताना क्रमांकावर विसंबू नये, ‘लिस्ट डिस्क’मधला आकार वाचावा, एक टीबीची डिस्क तिथे ९३१ जीबी दिसते. सारख्या आकाराच्या दोन डिस्क लावलेल्या असतील तर नको ती सरळ काढून ठेवावी.

पास झालेल्या डिस्कवर पुढे काय करायचं ते पटकन सांगता येतं. सगळा वापर विंडोजवरच असेल तर एनटीएफएस. मॅक किंवा टीव्हीलाही लावायची असेल तर एक्सफॅट, पण त्यात जर्नल नसल्यामुळे ‘इजेक्ट’ न करता उपटली तर गोंधळ जास्त होतो. फॅट-३२ नकोच, त्यात चार जीबीहून मोठी फाइल मावत नाही आणि लग्नाचा व्हिडिओ तेवढ्यावर जातोच. दोन टीबीपेक्षा मोठ्या डिस्कला जीपीटी पद्धतीचं पार्टिशन लागतं. एन्क्रिप्शनबद्दल माझं मत सरसकट नाही. बँकेचे, आयकराचे, दवाखान्याचे कागद असतील तर पहिल्या दिवसापासून व्हेराक्रिप्ट किंवा बिटलॉकर लावावं आणि पासवर्ड कागदावर लिहून घरात ठेवावा. घरच्या फोटोंना मात्र कुलूप घालू नये. वीस वर्षांनी ते उघडणारं माणूस दुसरंच कुणी असेल, आणि त्याला कुणी पासवर्ड सांगितलेला नसेल.

परीक्षेत पास झाली म्हणून जुन्या डिस्कला एकुलती एक प्रत सोपवावी, असं मी कधीच म्हणणार नाही. गूगलच्या ज्या आकडेवारीवर मी विसंबलो तीच सांगते, की काही डिस्क कुठलीही खूण न दाखवता जातात. परीक्षेने नापास होणाऱ्या बऱ्याचशा आधीच बाहेर पडतात. उरलेल्यांची हमी मिळत नाही. म्हणून तिच्यावर दुसरी किंवा तिसरी प्रत ठेवावी. त्या कामाला ती उत्तम. ठेवतानाही थोडी काळजी हवी. डिस्कच्या झाकणावर एक बारीक छिद्र असतं आणि शेजारी ते बुजवू नका अशी सूचना. आत-बाहेरचा हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते असतं. अर्थात बाहेरच्या हवेतला ओलावाही त्यातून आत जातो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्याचे चार महिने डिस्क कपाटात नुसती ठेवण्यापेक्षा सिलिका जेलची पुडी घालून बंद पिशवीत ठेवावी. सहा महिन्यांनी बाहेर काढून लावावी, पूर्ण वाचून घ्यावी, आणि पहिल्या दिवशीचे चार आकडे डिस्कला चिकटवलेल्या कागदावर लिहिलेले असतील त्यांच्याशी ताडून बघावे.

शेवटचा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो: नवी डिस्क घ्या की, एवढा खटाटोप कशाला? ज्याला परवडतं त्याने पहिल्या प्रतीसाठी नवीच घ्यावी. तिथे वाद नाही. पण दुसऱ्या प्रतीसाठीही नवी घ्यायची म्हटलं की बहुतेक घरांत दुसरी प्रत निघतच नाही. आहे ते सगळं एका डिस्कवर राहतं, आणि ती डिस्क गेली की रिकव्हरीवाला हजारोंचा आकडा सांगतो. ड्रॉवरमध्ये पडलेली, परीक्षा दिलेली जुनी डिस्क इथे खरोखर उपयोगी पडते. शिवाय नवी डिस्कही या परीक्षेतून काढावी असं माझं मत आहे, वाहतुकीतले धक्के तिनेही खाल्लेले असतात. आणि टाकून द्यायची म्हटलं तरी पुसण्यापासून सुटका नाहीच. टाकलेल्या यंत्रांवरचा ग्राहकांचा डेटा नीट नष्ट न केल्याबद्दल मॉर्गन स्टॅन्लीला अमेरिकेच्या रोखे आयोगाने २०२२ साली साडेतीन कोटी डॉलर भरायला लावले. जुन्या डिस्कांची विल्हेवाट ज्यांच्याकडे सोपवली होती त्यांना या कामाचा अनुभवच नव्हता, आणि त्यांतली काही यंत्रं ऑनलाइन लिलावात विकली गेली. आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला. काम संपल्यावर लोकांची माहिती पुसून टाकण्याची जबाबदारी तो संस्थांवर टाकतो, त्यामुळे क्लासवाले, दवाखाने, सोसायट्या यांना हा विषय आता टाळता येणार नाही. नापास झालेली डिस्क भंगारवाल्याला देऊ नये. चालत असेल तोवर पुसावी, चालत नसेल तर चकत्या फोडाव्यात. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कमधल्या चकत्या बहुधा काचेच्या असतात आणि ठोकल्यावर त्यांचे बारीक तुकडे उडतात, म्हणून डिस्क जाड कापडात गुंडाळून आणि डोळ्यांवर चष्मा लावूनच हे करावं. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रांची व्यवस्था आहे. उरलेलं सगळं, सर्किट बोर्ड आणि आतल्या निओडिमियमच्या चुंबकांसकट, तिथे द्यावं.